नगरपालिकेतील जोतीराव

थोर पुरुषाच्या नावामागे बहुमानाची पदवी लागली की त्याच्या आयुष्याचा व्यवहारी भाग हळूहळू लोकांच्या नजरेआड होतो. जोतीराव गोविंदराव फुले यांच्या बाबतीत हेच झाले आहे. मुलींची शाळा, अस्पृश्यांसाठी खुला केलेला हौद, सत्यशोधक समाज, 'गुलामगिरी' आणि 'शेतकऱ्याचा असूड' एवढ्या गोष्टी शाळकरी विद्यार्थ्यालाही ठाऊक असतात. पण हे सारे कार्य करणारा गृहस्थ उपजीविकेसाठी काय करीत होता आणि शहराच्या कारभारात त्याचे स्थान कोणते होते, असे विचारले तर भल्याभल्यांना क्षणभर थांबावे लागेल. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगाला निवेदन सादर करताना जोतीरावांनी आपल्या नावापुढे जी ओळख लिहिली, ती व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी होती. आपण त्यांना ज्या नावाने ओळखतो ती महात्मा ही पदवी त्यानंतर सहा वर्षांनी लोकांनी दिली.

नाशिकमध्ये मुंबई नाक्यावर जोतीराव आणि सावित्रीबाई यांचे पुतळे उभे आहेत. जयंतीला आणि स्मृतिदिनाला त्यांना हार घातले जातात, भाषणे होतात आणि भाषणे करणाऱ्यांत नगरसेवकांची व नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या मोठी असते. १८६४ साली स्थापन झालेली येथील नगरपालिका १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. इतका जुना नागरी कारभार ज्या गावाला लाभला आहे, त्या गावाने तरी जोतीरावांच्या आयुष्यातील नगरपालिकेचे पर्व मुद्दाम आठवले पाहिजे. सार्वजनिक पैसा प्रथम कोणावर खर्च व्हावा, हा आपल्या नागरी जीवनातील सर्वांत जुना आणि अजूनही न सुटलेला प्रश्न त्यांनी तेथे उभा केला होता.

फुलांच्या दुकानापासून बांधकामापर्यंत

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात झाला. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. आजोबा शेटिबा पुरंदरच्या बाजूला खानवडीस आले आणि पुढे कुटुंब पुण्यास स्थिरावले. पेशव्यांच्या दरबारी फुलांचे काम करून या भावांनी जम बसविला, जमीन इनाम मिळविली आणि गोऱ्ह्यांचे फुले झाले. थोरल्या चुलत्याने इनाम स्वतःच्या नावे करून घेतल्यावर जोतीरावांचे वडील गोविंदराव यांच्या वाट्यास भाजी-फुलांचा धंदा आणि थोडी शेती एवढेच उरले. मालमत्तेचा कागद कोणाच्या नावे आहे यावर घराचे भवितव्य ठरते, हा धडा या मुलाला पुस्तकाबाहेरच मिळालेला होता.

मुलगा शिकला तर शेतीच्या कामातून जाईल, या भीतीने त्याला शाळेतून काढण्यात आले. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले नसते, तर पुढचा इतिहास घडला नसता. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ च्या सुमारास त्यांचे इंग्रजी शिक्षण पुरे झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत झालेला अपमान आणि त्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा, हा भाग सुपरिचित आहे. लोकनिंदेच्या दडपणाखाली गोविंदरावांनी मुलाला व सुनेला घराबाहेर जाण्यास सांगितले. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने याच जोतीरावांचा शालजोडी देऊन गौरव केला.

या शाळा चालल्या त्या वर्गण्यांवर, युरोपियन हितचिंतकांच्या देणग्यांवर आणि सरकारी दक्षिणा निधीतील साहाय्यावर. १८५७ च्या उठावानंतर देणग्यांचा ओघ आटला आणि शाळांचा आर्थिक पाया खचला. दुसऱ्याच्या मदतीवर उभे केलेले कार्य देणाऱ्याचे मन फिरले की कोसळते, हा अनुभव त्यांना ऐन तिशीत आला. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह त्यांनी सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल तेथेच ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. अशा कामाला उजळ माथ्याने वर्गणी देणारे किती निघणार? या घटनांकडे पाहिले म्हणजे जोतीरावांच्या जीवनात व्यवसायाला महत्त्व का आले, हे समजू लागते.

सहकाऱ्यांसमवेत त्यांनी पुणे कमर्शियल अँड काँट्रॅक्टिंग कंपनी या नावाने व्यवसाय केला. सरकारी बांधकामांची कंत्राटे घेणे, दगड-चुना पुरविणे, शेतमालाचा व्यापार करणे, असे तिचे स्वरूप होते. धातू ओतण्यासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याचे दुकानही त्यांनी चालविले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा आणि खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा कंत्राटदार म्हणून संबंध आल्याचे चरित्रकार सांगतात. मांजरीच्या बाजूला जमीन घेऊन त्यांनी बागायतही केली. पुण्याच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जी मोठी सार्वजनिक बांधकामे झाली, त्यांच्या धुळीत हा समाजसुधारक वावरलेला आहे.

या व्यवसायाने त्यांना पैशाइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट दिली. सरकारी रुपया तिजोरीतून निघाल्यापासून मजुराच्या हाती पडेपर्यंत कोठेकोठे झिजतो, हे त्यांनी जवळून पाहिले. हजेरीपटात भरलेली खोटी नावे, मापात मारलेला हात, वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याचे अज्ञान आणि त्याच्या हाताखालच्या कारकुनांची मिळवणूक, यांचे चित्र त्यांच्या लेखनात येते. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कालव्याच्या पाण्याबद्दल ते लिहितात तेव्हा शेतकऱ्याला पाणी मोजून मिळावे, त्यासाठी तोट्यांची सोय असावी, असे अगदी व्यवहारी उपाय सुचवितात. बंधारे घाला, तलावांतील गाळ शेतकऱ्यांना नेऊ द्या, डोंगरावरून वाहून जाणारी माती अडवा, या त्यांच्या सूचनांमागेही दगड-मातीच्या कामाचा अनुभव दिसतो. दारणा आणि गंगापूरच्या पाण्यावर शेती करणाऱ्या नाशिककरांना पाणी मोजून देण्याच्या प्रश्नाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

नियुक्त सभासदाचे मत

१८७६ साली सरकारने जोतीरावांची पुणे नगरपालिकेवर सभासद म्हणून नियुक्ती केली आणि सुमारे सहा-सात वर्षे ते त्या पदावर होते. त्या काळच्या नगरपालिकेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. सामान्य नागरिकाला मत नव्हते. सभासद सरकार नेमी आणि नेमताना प्रतिष्ठा, मालमत्ता व राजनिष्ठा पाही. स्थानिक स्वराज्याविषयीचा लॉर्ड रिपन यांचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा. त्याआधी नगरपालिकेतील खुर्ची हा प्रामुख्याने मान होता आणि मान देणाऱ्याला दुखवू नये, असाच शिष्टाचार होता. जोतीरावांची स्थिती तर अधिक नाजूक होती. त्यांच्या व्यवसायाचा मोठा भाग सरकारी कामांवर अवलंबून होता. एका हाताने सरकारचे कंत्राट घ्यावयाचे आणि दुसरा हात सरकारच्या मर्जीविरुद्ध वर करावयाचा, हे सोपे नव्हते.

त्यांचा कार्यकाल सुरू झाला तोच दुष्काळात. १८७६–७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालविण्यात आले आणि मदतीसाठी जोतीरावांनी जाहीर आवाहन केले. उपाशी माणसाला प्रत्यक्ष घास भरविण्याचे काम आणि शहराच्या खर्चाला मान्यता देण्याचे काम त्यांना एकाच काळात करावे लागत होते. अशा माणसाला अंदाजपत्रकातील आकडे इतरांना दिसतात तसे दिसत नाहीत.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागताचा प्रसंग त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला. दुष्काळाच्या काळात दिल्लीस थाटाचा दरबार भरविणारे आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांचे तोंड बंद करणारा कायदा करणारे हेच लिटन. पुण्याच्या करदात्यांचे पैसे शोभेवर उधळण्याऐवजी गरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लावावेत, असे जोतीरावांचे म्हणणे होते. बत्तीस सभासदांत प्रस्तावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. सभागृहात विद्वान होते, श्रीमंत होते, देशभक्तीवर व्याख्याने देणारेही असतील. पण साम्राज्याच्या प्रतिनिधीसाठी उभारावयाच्या कमानीला विरोध केला तो एका माळ्याच्या मुलाने, ज्याला त्याचे विरोधक सरकारधार्जिणा म्हणून हिणवीत असत.

इंग्रजी राज्याविषयी जोतीरावांनी बरेच अनुकूल लिहिले आहे आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली आहे. शूद्रातिशूद्रांना शिक्षणाचे दार या राज्यामुळे उघडले, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटे. परंतु त्यांची राजनिष्ठा लाचार नव्हती. राज्य चांगले असेल तर त्याने गरिबाच्या मुलाला शाळा द्यावी, हा त्यांचा हिशेब होता आणि तो हिशेब ते व्हाइसरॉयच्या स्वागतालाही लावीत होते.

१८८० मध्ये त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांचा प्रश्न हाती घेतला. नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना त्यांनी पत्र लिहून या दुकानांमुळे कुटुंबे कशी धुळीला मिळत आहेत, याकडे लक्ष वेधले. लोकांच्या आरोग्यासाठी एकीकडे नगरपालिका खर्च करते आणि दुसरीकडे आरोग्याचा नाश करणारा व्यापार तिच्या डोळ्यांदेखत वाढतो, ही विसंगती त्यांनी दाखविली. दारूपासून सरकारला महसूल मिळत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पत्राचे महत्त्व कळते.

मंडईचा वाद

जोतीरावांच्या नागरी विचाराची खरी कसोटी लागली ती मंडईच्या इमारतीवरून. भाजी बाजारासाठी भव्य वास्तू बांधण्याची कल्पना पुढे आली तेव्हा जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी तिला विरोध केला. एवढा पैसा शिक्षणासाठी खर्चावा, हेच त्यांचे म्हणणे होते. विरोध निष्फळ ठरला. इमारत उभी राहिली, १८८६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि तिला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. पुढे आचार्य अत्रे पुणे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने त्याच रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तीच आज पुण्यात त्यांच्या नावाने ओळखली जाते.

हा केवळ नियतीचा विनोद म्हणून सोडून देणे बरोबर नाही. येथे जोतीरावांना उलट प्रश्न विचारता येतो. ते स्वतः भाजी-फुलांच्या धंद्यातून आलेले, बागायतदार, कंत्राटदार. उघड्यावर ऊन-पावसात बसणाऱ्या माळणींना छप्पर मिळाले तर त्यात वाईट काय होते? मंडईची वास्तू शतकाहून अधिक काळ शहराच्या उपयोगी पडली आहे, हेही नाकारता येणार नाही. बांधकामे हवीत, ती टिकाऊ हवीत आणि दूरदृष्टीने केलेली हवीत, हा विचारही आपल्या जागी योग्यच आहे.

तरीही जोतीरावांचा आक्षेप खोटा ठरत नाही. दगडाचा आणि चुन्याचा भाव त्यांना ठाऊक होता, म्हणूनच मोठ्या इमारतीचा मोह कोणाकोणाला आणि का पडतो, हेही त्यांना ठाऊक असणार. इमारतीला कोनशिला असते, उद्घाटन असते, नाव देता येते. महारवाड्यातील शाळेत एक मास्तर जास्त नेमला तर त्याची कोनशिला बसत नाही. ज्या शहरात कष्टकऱ्यांची बहुसंख्य मुले अक्षरओळखीवाचून वाढत होती, त्या शहराने पहिला रुपया कोठे घालावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खर्च योग्य की अयोग्य यापेक्षा तो कोणत्या क्रमाने व्हावा, यावर नागरी कारभाराची नीती ठरते. कंत्राटदार असलेल्या माणसाने बांधकामापेक्षा शाळेला अगोदरचा क्रम द्यावा, यात त्यांच्या निःस्पृहतेची खूण आहे.

ऑक्टोबर १८८२ मधील हंटर आयोगापुढील निवेदनात हीच भूमिका अधिक पद्धतशीरपणे आली. शेतकऱ्याच्या घामातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि कर भरणाऱ्याची मुले निरक्षर राहतात, असे त्यांनी आयोगाला सांगितले. बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण काही प्रमाणात तरी सक्तीचे असावे, लोकल फंडाचा निदान अर्धा भाग प्राथमिक शिक्षणाला मिळावा, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत आणि त्यांना पुरेसा पगार द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. नगरपालिकांविषयीही त्यांनी स्पष्ट मत दिले. आपल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च नगरपालिकांनी द्यावा, पण शाळांची व्यवस्था मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती सोपवू नये, शिक्षण खात्याची देखरेख असावी. स्वतः नगरपालिकेचा सभासद असलेल्या माणसाने आपल्याच संस्थेविषयी इतके सावधपणे बोलावे, हे सहा वर्षांच्या अनुभवाचे फळ असले पाहिजे.

अखेर

नगरपालिकेचे सभासदत्व गेले तरी जोतीरावांचा पिंड बदलला नाही. २ मार्च १८८८ रोजी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी चिपळूणकरांनी मेजवानी दिली, तेव्हा शेतकऱ्याच्या वेषात ते तेथे गेले आणि दागिन्यांनी मढलेल्या मंडळींवरून या देशाची परीक्षा करू नये, असे राजपुत्राला सुनावून आले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. जुलैमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. डाव्या हाताने त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक लिहून काढले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूल, बोगदा आणि धरण यांच्या कामांवर कंत्राटदार म्हणून नाव लागलेल्या या माणसाचे शेवटचे दिवस ओढाताणीत गेले. आजारपणात मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि मदत आली. व्यवसायात मिळविलेले बहुतेक सारे सार्वजनिक कामात खर्च झाले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. सुमारे सव्वासहा वर्षांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनीही देह ठेवला.

जोतीरावांनी पेरलेले बी नाशिक जिल्ह्यातही रुजले. १९१४ साली येथे स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाच्या संस्थापकांना सत्यशोधक विचारांची प्रेरणा होती. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वसतिगृह काढणे, दारोदार धान्य आणि वर्गणी मागून शाळा उभारणे, हा मार्ग गणपतरावदादा मोरे, रावसाहेब थोरात आदी मंडळींनी पत्करला. या जिल्ह्यातील कित्येक शिक्षक आणि कारकून आज जे मानाने जगत आहेत, त्याचा एक धागा पुण्याच्या त्या एकाकी मतापर्यंत जाऊन पोहोचतो.

आज सभागृहातील माणूस सरकारने नेमलेला नसतो, मतदारांनी निवडलेला असतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर नाशिक महानगरपालिकेचा कारभार काही वर्षे प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा निवडून आलेल्या सभागृहाची उणीव अनेकांना जाणवली. ती उणीव खरीच होती. पण जोतीरावांचे उदाहरण त्याहून पुढची गोष्ट सांगते. ते निवडून आलेले नव्हते, त्यांच्यापाठी पक्ष नव्हता, त्यांच्या धंद्याची नाडी सरकारच्या हाती होती आणि तरी त्यांनी करदात्याचे हित पाहून मत दिले. आपल्याला निवडणूक मिळाली, कायदे मिळाले, सभागृहे मिळाली. स्वागताच्या कमानीचा, सुशोभीकरणाचा किंवा उंच इमारतीचा ठराव पुढे आला असता महानगरपालिकेच्या शाळेतील मुलाची आठवण ठेवून हात खाली ठेवणारा सभासद प्रत्येक सभागृहात एक तरी असावा, एवढी अपेक्षा नागरिकांनी करावी. मुंबई नाक्यावरील पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येक नगरसेवकाला मतदारांनी हाच प्रश्न विचारला पाहिजे की गेल्या वर्षभरात सभागृहात तुम्ही विरुद्ध मत कधी दिले आणि ते कोणासाठी दिले.